वयात आला

"लघवीतून रक्त पहिल्यांदा कधी गेलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"तीन महिने झाले," पाटकरी म्हणाला. त्या दवाखान्यातल्या चार टेबलांवर त्याने हेच सांगितलं होतं. उत्तर आता तोंडपाठ झालं होतं. डॉक्टरबाई त्याच्या सुनेपेक्षाही लहान दिसत होत्या, म्हणून तो त्यांच्याकडे न बघता टेबलाच्या पायाशी बोलत होता. सुनेला त्याने बाहेर बाकावर बसवलं होतं. लघवीच्या गोष्टी सुनेपुढे कशा बोलायच्या?

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट उलगडला. लघवीच्या पिशवीत गाठ होती, आणि ती साधी नव्हती. पिशवी काढावी लागणार होती. पोटाला भोक पाडून लघवीला बाहेरून वाट करून द्यायची आणि तिथे दुसरी पिशवी लावायची.

पाटकऱ्याने नीट ऐकून घेतलं. चाळीस वर्षं त्याने पाटाचे दरवाजे उघडले-मिटले होते, शेताशेताला पाणी वाटून दिलं होतं. त्याला हे चटकन कळलं.

"म्हणजे मूळ पाट बंद. बाजूने चारी काढायची."

"तसंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सिगारेट ओढता?"

"नाही."

"तंबाखू? रंगाच्या कारखान्यात कधी काम?"

"बाई, मी चहासुद्धा एकदाच घेतो." आयुष्यभर निर्व्यसनी राहून पदरात हे पडलं, याचा त्याला खरोखरच राग आला होता.

डॉक्टरबाईंनी रिपोर्टच्या एका ओळीवर बोट ठेवलं. गाठीच्या भोवती बारीक अंडी सापडली होती, फार जुनी. एक किडा असतो, त्या म्हणाल्या. पाण्यातल्या गोगलगायींत वाढतो, पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो आणि पिशवीपाशी घर करून अंडी घालत राहतो. आतलं अस्तर वर्षानुवर्षं चिघळत राहतं, आणि एखाद्याला पुढे हे असं होतं.

"आमच्या पाटाचं पाणी स्वच्छ आहे," पाटकरी ताठ होऊन म्हणाला. "तळ दिसतो. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मी स्वतः शेवाळ काढतो."

"ते कळलं मला," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "लहानपणी कधी लघवी लाल झाली होती?"

"छे! लहानपणी कसला आजार? दगड पचवायचो आम्ही."

"रक्त कधीच नाही?"

"रक्त म्हणजे..." पाटकरी घुटमळला. "ते धरता होय तुम्ही? ते सगळ्यांनाच यायचं."

"काय सगळ्यांना?"

आता त्याचे कान तापले. पण विचारणारी डॉक्टर होती, लपवून काय उपयोग? "पोरगं वयात आलं की लाल होतेच ना. दहा-अकराव्या वर्षी. मुलींचं असतं तसं..." तो थांबला, आणि मग एका दमात सांगून मोकळा झाला. "पाटाच्या कडेला ओळीने उभे राहायचो. ज्याची लाल नाही तो कच्चा. त्याला खेळायला घ्यायचं नाही. माझी चार-पाच वर्षं लाल होती. मग थांबली, नाहीतर मी बघायचं सोडलं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, मुलगे असे वयात येत नाहीत."

पाटकऱ्याने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

"तो आजारच होता. तेव्हा गोळ्या मिळाल्या असत्या तर तेव्हाच गेला असता. घरात आणखी कुणाला आहे?"

गाठ म्हटल्यावर तो घाबरला नव्हता. बासष्ट वर्षं झाली होती, पिकलं पान होतं ते. पण आता त्याला नातू आठवला. तो उठला आणि त्याने स्वतःच दार उघडलं.

"पोराला कधीपासून होतंय?" त्याने सुनेला विचारलं. आजवर तो तिच्याशी स्वयंपाकपाण्यापलीकडे बोलला नव्हता.

सून गडबडून उभी राहिली. "काय, बाबा?"

"लाल. लघवीला."

तिने मान खाली घातली. "पंधरा दिवस. मी तेव्हाच दवाखान्यात न्यायचं म्हणत होते. तुम्ही घरी ह्यांना म्हणालात, काही करायचं नाही, पोरगं वयात आलं."

"त्यांना आत येऊ द्या," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पुढचं सगळं त्यांनी सुनेलाच सांगितलं. मुलगा किती वर्षांचा? अकरा. उद्या सकाळी घेऊन या. वजन करू, लघवी तपासू, वजनाप्रमाणे गोळ्या देऊ. काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. वेळेत आलात, बरा होईल. पण पाटात उतरायचं नाही, पोहायला नाही, पायसुद्धा बुडवायचे नाहीत. गल्लीतली बाकीची मुलंही आणा. सून प्रत्येक वाक्याला मान हलवत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

पाटकरी भिंतीला टेकून उभा होता. ऑपरेशनची तारीख त्याने विचारली नाही.

"गोळ्या घेईल तो," तो शेवटी म्हणाला. "पण त्याला सांगायचं काय? गल्लीभर मिरवतोय. मीच खांद्यावर हात टाकून म्हटलं, आता तू आमच्यातला."

डॉक्टरबाईंनी उगाच कागद सारखे केले.

"अजून लहान आहेस, असं सांगायचं," सून म्हणाली. सासऱ्यापुढे तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "आणि तुम्हीच सांगायचं."