धबधब्याची माहिती

धबधबा जवळ आला तसा गाईडने बसमधला माईक तोंडाशी नेला. “गेल्या वर्षी इथे एक शहाणा सेल्फीच्या नादात कठड्यावरून खाली गेला. तुम्ही जपा, मला आज लवकर घरी जायचंय.” सगळी बस खिदळली, तिकिटात तेही धरलेलं असतं. तिसऱ्या सीटवरची बाई उठली. पर्समधला मोबाईल तिने त्याच्यासमोर धरला. “तो शहाणा माझा मुलगा. सेल्फी काय तळहातावर काढत होता? त्याचा मोबाईल माझ्याकडे होता. बघ, मीच काढलेला फोटो.” फोटोत पोरगा हसत होता. मागे गंजलेला कठडा, निखळलेल्या गजाला सुतळी बांधलेली. गाईड पुटपुटला, “मावशी, मालक शिकवतात तेच बोलतो.” “मग आज मी शिकवते. सांग पुन्हा.” त्याने घसा खाकरून माईक उचलला. “गेल्या वर्षी इथला कठडा तुटला आणि मावशींचा मुलगा गेला.”