बाबल्या चालेल तेव्हा

हेमांगी ओल्या फडक्याने फळ्यावरचं नाव पुसत होती. चारला सभा होती, आणि रूपीही येणार असा निरोप आला होता. ती पोचेल तेव्हा ‘बाबल्या’ हा शब्द फळ्यावर राहायला नको होता.

फळ्यावर युनियनचा दहा वर्षांचा आराखडा होता. हेमांगी युनियनची सचिव, बी.कॉम. झालेली. तिने आधी सालं लिहिली होती. तेव्हा काखेतलं पोर सावरत रूपी खदखदून हसली होती.

“चौतीस साल कोनी बघलाय, ताई? बाबल्या चालंल तवा, बाबल्या शालंत जाईल तवा, असा लिव. मंग आमच्या ध्यानात राहंल.”

फुग्यांच्या कारखान्यातल्या सगळ्या बायांनी टाळ्या पिटल्या. बाबल्या सहा महिन्यांचा होता, युनियनच्याच वयाचा. मग तसंच लिहिलं. बाबल्या चालेल तेव्हा ओळखपत्रं. शाळेत जाईल तेव्हा पाळणाघर. पाचवीत जाईल तेव्हा सगळ्या जणी कायम.

“पाळणाघर आधी घ्या ना,” त्यांच्यातली जयवंती म्हणाली होती.

“आधी ओळखपत्रं. मग आपल्या शब्दाला वजन येईल. लांबचं बघायला हवं,” हेमांगीने समजावलं होतं. तिची स्वतःची मुलगी घरी सासूजवळ होती.

ओळखपत्रं मिळाली त्याच महिन्यात बाबल्या पाऊल टाकू लागला. पहिल्या ओळीपुढे बरोबरची खूण झाली, पेढे वाटले. आणि पंधरा दिवसांपूर्वी, रूपी साच्यांवरून फुगे उतरवत असताना, तो चालत चालत कारखान्यामागच्या पाण्याच्या उघड्या टाकीपाशी गेला.

पाचवीच्या ओळीतलं नाव पुसून झालं. फडकं शाळेच्या ओळीवर आलं.

“पुसू नको.”

रूपी दारात उभी होती. डोळे कोरडे. ती फळ्यापाशी आली. तिला वाचता येत नव्हतं, पण तेवढं एक नाव ओळखता येई. त्याच्यावर तिने बोट ठेवलं.

“ह्यो पुसला तर सालं कशी मोजायची आमी?”

“रूपी, माझंच चुकलं...”

“पालनाघर कंच्या ओलीत हाय?”

हेमांगीने दुसरी ओळ दाखवली. रूपीने खाली पडलेला खडू उचलून तिच्या हातात दिला.

“वर घे, ताई. बाबल्या चालायच्या आधी.”