येतानाचं अंतर

राज्य फुटल्यापासून आंध्र-तेलंगणाच्या फायली वेगळ्या करून वैतागलेले भगवंतराव हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या घरी आले, तर तारामतीबाई अमेरिकेला परतणाऱ्या लेकासाठी मोजून चारच दशम्या बांधत होत्या. “पहाटे चारला निघतो, दुपारी एकला उतरतो. नऊ तासांना बास.” “अगं, बावीस तास लागतात. तिकडचं घड्याळ मागं असतं.” “विमानाच्या तिकिटावर छापलंय.” भगवंतरावांनी लिंबू दिव्यासमोर फिरवलं, दिवस-रात्र दाखवली. तिसऱ्यांदा फिरवल्यावर बाईंनी ते कापून वरणात पिळलं. “मग येताना रविवारी निघून मंगळवारी कामून पोचला?” भगवंतरावांनी कपाळावर हात मारला. “जायला नऊ तास, यायला दोन दिवस,” बाई हळूच म्हणाल्या. “म्हणूनच लेकराला येणं जमत नाही.” ‘तिकडंच घर घेतोय, आता येणं होणार नाही,’ हे लेकानं सकाळी एकट्या भगवंतरावांना सांगितलं होतं. “हौ,” ते म्हणाले, “येतानाचं अंतर जास्तच आहे.”