आठवा प्रश्न

"रोज उठून मलाच वेडी करायची," आई कुरकुरली. "परवा कानात आवाज येत होते, काल उदास होते. आज काय झालंय मला?"

"आज झोप येत नाही," लेक म्हणाली.

"त्यात नाटक कसलं? खरंच येत नाही."

लेक अडतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाली होती. पंधरा वर्षं वॉर्डात काढून आता मानसिक आरोग्य नर्सिंगची पदव्युत्तर पदवी. उद्या शेवटची परीक्षा: परीक्षकांसमोर एका अनोळखी पेशंटची मुलाखत, बारा प्रश्न, वीस मिनिटं. म्हणून आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पेशंट होऊन बसली होती. दारात बाबा लेकीच्या बुटांना पांढरं पॉलिश लावत होते.

"तुम्हाला हा त्रास कधीपासून होतोय?"

"अय्या, तुम्ही!" आई खूश झाली. "या घरात पहिल्यांदाच कोणी मला तुम्ही म्हणतंय. अहो, ऐकलंत का?"

"ऐकलं," बाबा बुटाला म्हणाले.

भूक, काम, औषधं. सातवा प्रश्न घरातल्या साखरेच्या आजाराचा. आईने आपल्या धडधाकट नणंदेला साखर लावून टाकली. लेकीने कागदावर खूण केली.

"बरं. रात्री साधारण किती वेळ झोप लागते?"

"हा नववा," आई म्हणाली.

"काय?"

"आठवडाभर बघतेय. सातावरून नवावर उडी मारतेस."

लेक कागद सारखे करू लागली. आठव्या प्रश्नाभोवती कॉलेजातल्या बाईंच्या लाल पेनाचा गोल होता. सराव परीक्षेतही तिने तो गाळला होता. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "साखरेचं विचारता ना, त्याच आवाजात हेही विचारायचं. उद्या गाळलात तर मी पास करू शकणार नाही."

"उद्या विचारेन गं."

"आज तोंडातून निघत नाही, ते उद्या कुठून निघणार? विचार. पेशंट आहे ना मी?"

लेकीने घसा साफ केला.

"आपल्या घरात कधी कोणी आत्महत्या केली आहे का?"

आवाज अगदी साखरेचाच लागला. पण कागदावरचं 'आपल्या' पेशंटचा मान राखण्यासाठी होतं. स्वयंपाकघरात ते तसं ऐकू आलं नाही.

"नाही," आई म्हणाली. लगेच म्हणाली.

थोरला मुलगा टाकीतलं पाणी बघायला गच्चीवर गेला आणि पाय घसरून खाली पडला. सहा वर्षं या घरात हेच सांगितलं जात होतं. पहिल्यांदा सांगितलं बाबांनी. पोलिसांना, शेजाऱ्यांना, मग या दोघींना.

लेकीने 'नाही'च्या चौकटीत पेन टेकवलं.

"हो लिही," बाबा म्हणाले. हातातला ब्रश थांबला नाही. टाचेची बाजू राहिली होती. "त्या दिवशी टाकी मी सकाळीच भरली होती. बघायला काही नव्हतंच वर."