खुन्याची चाल

तिसरा खून झाला आणि अख्खं सभागृह खो खो हसलं.

पडद्यावर कॉलेजातली मुलगी स्वयंपाकघरात मरून पडली होती. मेल्यावर तिने आवंढा गिळला. मघाच्या शॉटमध्ये तिचं घड्याळ डाव्या हातात होतं, आता ते उजव्या हातात आलं. वरून माइक डोकावला, काय झालं ते बघायला आलेल्या शेजाऱ्यासारखा. शेवटच्या रांगेतल्या दिग्दर्शकाने मान इतकी खाली घातली, की त्याला स्वतःच्या चपलांचे टाके दिसायला लागले.

एरवी तो चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. पण असल्या सिनेमांचं त्याला लहानपणापासून वेड. चार मित्र, एक रिकामं घर, एक सुरा, आणि तेवढ्यावर बघणाऱ्याची झोप उडवायची. म्हणून सव्वा वर्ष, दर रविवारी, त्याने हा सिनेमा केला होता. रक्त म्हणजे लाल सरबतात कालवलेली कॉफी. पहिल्याच प्रेताला त्यामुळे मुंग्या लागल्या आणि ते "आई गं" म्हणत उठून बसलं. खुनी म्हणून घेतलेला व्यायामशाळेतला पैलवान दुसऱ्या रविवारी आलाच नाही. मुखवट्यात घाम येतो म्हणाला. मग मुखवटा कुणाला बसतो याची शोधाशोध झाली, आणि तो बसला आत्याला.

आत्या टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली. भाऊ गेल्यावर या भाच्याला तिनेच वाढवलं. सोफ्याच्या जुन्या कव्हरातून मुखवटा शिवलाही तिनेच होता. तिने तो चढवला, वर रेनकोट घातला, सुरा उचलला आणि विचारलं, "हं, कुणाला मारायचंय?"

तिच्याबद्दल त्याची एकच तक्रार होती. ती फार सावकाश चालायची.

"आत्या, जरा पाय उचल ना. ती मुलगी पळून पळून दमली, आणि तू अजून जिन्यातच."

"खुनी आहे मी, पोस्टमन नाही," मुखवट्यातून उत्तर यायचं, आणि आत्या आपल्याच चालीने यायची. शेवटी त्याने नाद सोडला. पळणाऱ्या मुलीला वाटेत तीनदा ठेचकाळायला लावून त्याने कसाबसा मेळ बसवला.

आता पडद्यावर तोच जिना आला. खुनी उतरायला लागला. एक पाय खालच्या पायरीवर. मग थांबणं. मग दुसरा पाय, त्याच पायरीवर ओढत आणलेला. पुन्हा थांबणं.

हसू कुठेतरी विरून गेलं. कागदी पिशव्यांची चुरचुर थांबली. दिग्दर्शकाने हळूच मान वर केली. खुन्याला कसलीच घाई नव्हती. दार बंद आहे, मुलगी आत आहे, आपण पोचणारच आहोत, हे जणू त्याला ठाऊक होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. दिग्दर्शकाच्या शेजारी बसलेली आत्या मात्र लिमलेटची गोळी चघळत शांतपणे स्वतःकडे बघत होती.

दिवे लागल्यावर या हौशी सिनेमांच्या स्पर्धेच्या परीक्षक बाई थेट त्याच्याकडे आल्या. त्या एका संस्थेत सिनेमाचं संकलन शिकवायच्या, आणि त्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दुर्मीळ गोष्ट, असं सगळे सांगत.

"सिनेमा फार कच्चा आहे," त्या म्हणाल्या. "रक्ताचा रंग दर खेपेला वेगळा. मेलेली माणसं श्वास घेतात. पण शंभर माणसं राबवून केलेल्या भयपटातही मी इतकी घाबरले नव्हते. ती चाल कशी बसवलीत?"

दिग्दर्शकाने घसा साफ केला. "त्यामागे पात्राचा भूतकाळ आहे. बालपणातली एक जखम. मी त्यावर बराच अभ्यास केला. कलाकाराकडून कसून तालीम करून घेतली."

आत्या कान देऊन ऐकत होती. आपलं बालपण असं गेलं हे तिला नवीनच होतं.

"सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी ठेवलीत," बाई म्हणाल्या. "सगळ्या सिनेमात न चुकलेली तेवढी एकच गोष्ट. दुसरा भाग करा. आमची संस्था मागे उभी राहील. पण चाल हीच हवी."

दिग्दर्शकाचे पाय जमिनीवर ठरेनात. सभागृह पहिल्या मजल्यावर होतं. तो दोन-दोन पायऱ्या टाकत अर्धा जिना उतरला आणि वळून बघतो तर आत्या अजून वरच.

"ऐकलंस ना, आत्या? पुढच्या महिन्यात सुरू करू. तुला वेगळं काही करायचं नाही. फक्त तसंच चालायचं."

"तेवढं आता जमायचं नाही रे."

"न जमायला काय झालं? सव्वा वर्ष जमलं की."

आत्याने कठडा धरला. एक पाय खालच्या पायरीवर ठेवला. थांबली. मग दुसरा पाय त्याच पायरीवर ओढत आणला. या वेळी मुखवटा नव्हता, त्यामुळे तिचा चेहरा त्याला दिसला.

तो धावत वर गेला. त्याने तिचा दंड धरला. "गुडघा?"

"परवा बदलतायत. डॉक्टरांनी तीनदा तारीख दिली होती. मीच पुढे ढकलत राहिले."

"अगं, पण का?"

एवढं साधं दिग्दर्शकाला कसं कळत नाही, अशा नजरेने आत्याने त्याच्याकडे बघितलं.

"मध्येच बदलला असता, तर तुझा खुनी अर्ध्या सिनेमात पाय ओढत आणि अर्ध्या सिनेमात तरातरा चालला असता. लोक हसले असते."