कुणी पडलं की

ह्यूस्टनच्या शाळेत रेवा खेळता खेळता ठेचकाळून पडली, आणि मैदानावरची सगळी मुलं तिला तिथेच टाकून पळाली. बाईही पळाल्या.

तिला न्यायला आलेले तिचे वडील, वकील श्रीरंग टिळेकर, तेवढे तिच्याकडे धावले. बंदुकीचा आवाज पार गिळून टाकणारा नवा सायलेन्सर म्हणजे शस्त्र नव्हे, नुसती ॲक्सेसरी. त्यावर केंद्र सरकारला बंदी घालता येणार नाही, हा खटला त्यांनीच जिंकला होता. ऑफिसात पेढे वाटले होते. तेव्हापासून गोळी सुटल्याचं कळायचं, ते कुणीतरी पडल्यावरच.

रेवाचा गुडघा फक्त खरचटला होता. पण ती बापावरच चिडली.

"बाबा, तू जवळ कशाला आलास? कुणी पडलं की पळायचं असतं. एवढंही माहीत नाही तुला?"