बेटावरचं दार

"युवर ऑनर, ते बेट परक्या देशाचं. तिथल्या छावणीशी आमच्या सरकारचा काडीचाही संबंध नाही," पडद्यावर सरकारी वकील सांगत होता.

बेटावरच्या छावणीत कॅमेऱ्यासमोर बसून, पडद्यावर स्वतःच्या सुटकेच्या अर्जाची सुनावणी ऐकणाऱ्या झरमीनाचं डोकं सणकलं. आसरा मागायला ती याच सरकारच्या किनाऱ्यावर उतरली होती आणि यांनीच तिला विमानात कोंबून इथे आणून टाकलं होतं. इथल्या साहेबाला विचारावं, तर तो म्हणे, "वरून हुकूम नाही." आणि आता वरच्यांनीही कानांवर हात ठेवले होते.

ती ताडकन उठली आणि दारातल्या पहारेकऱ्याला म्हणाली, "ऐकलंस ना भाऊ? यांचा काही संबंध नाही. मग काढ कुलूप. मी चालले."

पहारेकऱ्याचा हात किल्ल्यांकडे गेला, पण नजर गेली पडद्याकडे.

"उघडू नका!" वकील बोलून गेला.

पहारेकऱ्यानं किल्ल्या मुकाट खिशात टाकल्या. तिकडे कोर्टात वकील उगाचच कागद चाळायला लागला.

"जजसाहेब, हे तुमच्या डोळ्यांदेखत झालं," झरमीना म्हणाली. "आता तुम्हीच सांगा, मी कुणाच्या कैदेत आहे?"